सौर पथदिव्याचा बिघाड शोधताना

गावातील सौर पथदिवा बंद पडला की पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो. बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, त्यामुळे हा संशय सर्वस्वी गैर नाही. परंतु मापन न करता ती बदलली आणि बिघाड अन्यत्र असला, तर ग्रामपंचायतीचा खर्च वाया जातो. पुरेसे चार्जिंग न मिळाल्यास नवी बॅटरीही लवकरच निकामी होते. साध्या डिजिटल मल्टिमीटरने हे टाळता येते. मात्र मापनाचा क्रम ठाऊक हवा.

पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि एलईडी दिवा असा हा परिपथ असतो. शोधाचा आरंभ टोकापासून न करता मध्यापासून, म्हणजे बॅटरीच्या अग्रांपासून करावा. भर उन्हात तेथील विद्युतदाब सकाळच्या तुलनेत चढत असेल, तर बॅटरी चार्ज होत आहे. बिघाड बॅटरीत अथवा दिव्याच्या बाजूस आहे. दाब चढत नसेल, तर पॅनेल, कंट्रोलर व त्यांच्या जोडण्या तपासाव्यात. एकाच नोंदीने निम्मे क्षेत्र बाजूला पडते.

खरी फसगत पुढे होते. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज होऊन स्थिरावली असता सुमारे 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. पण जीर्ण बॅटरीही दिवा बंद असताना जवळपास तेवढाच दाब दाखवू शकते, कारण मीटर तिच्यातून जवळजवळ प्रवाह घेतच नाही. उथळ डबकेही काठोकाठ भरलेले दिसते, तसाच हा प्रकार. म्हणून पॅनेलवर जाड गोणपाट टाकून दिवा लावावा, तो पंधरा मिनिटे जळू द्यावा आणि मग दाब पाहावा. तो झपाट्याने 11 व्होल्टच्या खाली आला, तरच बॅटरीवर दोष ठेवावा. (लिथियम बॅटरीस हे आकडे लागू नाहीत.)

अग्रांवर दाब ठीक, पण दिव्यापाशी व्होल्टभर कमी, असे आढळल्यास गंजलेला जोड शोधावा. दिवा जळत असताना मीटरची दोन टोके जोडाच्या दोन बाजूंस टेकवावीत. चांगल्या जोडावर दाबातील फरक नगण्य असतो. असा जोड घासून घट्ट करण्यास खर्च असा येतच नाही.

पॅनेलचे उलट आहे. छत्तीस घटांचे पॅनेल सुटे केले असता धुळीने माखलेले असले तरी सुमारे 20 व्होल्ट दाखवते; घटतो तो प्रवाह. म्हणून सुट्या पॅनेलचा लघुपरिपथ प्रवाह मोजून त्याच्या पाठीवरील पट्टीशी ताडून पाहावा. मात्र मीटरची तार अँपिअरच्या जागी असताना ती बॅटरीच्या अग्रांना कदापि लावू नये. बॅटरीतून प्रचंड प्रवाह वाहून मीटर जळतो, हातही भाजतो.

नवे दिवे बसवून घेताना बॅटरीजवळ फ्यूज असावा व मापनाची जागा हाताशी असावी, अशी अट करारातच घालावी. चोरीच्या भीतीने पेटी उंचावर बसवतात, हे खरे. तरी मोजणीपुरती दोन अग्रे खाली आणता येतात. दिवा बसवल्याच्या दिवशीचे दाब व प्रवाह पंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवावेत. शाळेतील विज्ञान शिक्षक हे काम एका दुपारी करू शकतील.