रॅमचा वेग आणि पोलादात उतरणारी चूक

भोसरी-चाकणच्या छोट्या टूलरूममध्ये डायचं मॉडेल आणि सीएनसीचा प्रोग्रॅम ज्या असेंबल्ड पीसीवर तयार होतो, त्याची रॅम ओव्हरक्लॉक करावी का, हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: बिघाड झाला तर तो दिसेल का? प्रोसेसर फार ताणला की मशीन बहुधा बंद पडतं. रॅम मात्र एखादा बिट चुकवून तशीच चालत राहते. तो बिट सेव्ह होणाऱ्या फाइलमधला असेल, तर बॅकअपमध्येही चुकीचीच फाइल जाते आणि चूक कळते ती पोलाद कापल्यावर. साध्या डेस्कटॉपमध्ये ईसीसी, म्हणजे चुका ओळखून सुधारणारी रॅम सहसा नसते, त्यामुळे विंडोजच्या नोंदींतही सहसा काही सापडत नाही. गूगलच्या सर्व्हरवरच्या २००९ मधल्या अभ्यासात वर्षाला ८ टक्क्यांहून अधिक रॅम मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या. तिथे ईसीसी होती म्हणून त्या मोजता तरी आल्या.

‘एक्सएमपी तर कंपनीनेच दिलंय, मग भीती कसली?’ असं हमखास विचारलं जातं. एक्सएमपी म्हणजे रॅमवर छापलेल्या वेगाचं तयार सेटिंग. डीडीआर४ चं जेडेक या मानक संस्थेचं प्रमाण १.२ व्होल्टचं आणि ३२०० (एमटी/सेकंद) पर्यंतचं. ३६०० लिहिलेली स्टिक तो वेग गाठते ती बहुधा १.३५ व्होल्टवर, आणि इंटेल स्वतः एक्सएमपीला ओव्हरक्लॉकिंगच मानते. स्टिकच्या कंपनीने स्टिक तपासलेली असते. तुमच्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर तिच्या हातात नसतो. रायझन ७००० साठी एएमडीने दोन स्टिकना ५२०० चा वेग सांगितला आहे, चार स्टिकना फक्त ३६००. तरीही वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या चार स्टिक लावून ६००० चं एक्स्पो (एएमडीचं एक्सएमपीसारखंच सेटिंग) चालू केलं जातं! डीडीआर५ मध्ये चिपच्या आत दुरुस्तीची सोय असते हे खरं, पण चिप आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक ती सुधारू शकत नाही, आणि वेग वाढवल्याचा ताण याच वाटेवर पडतो.

दुसरा मुद्दा उष्णतेचा, आणि आपल्या भागात तो दुय्यम नाही. रॅमच्या पेशीतला विद्युतभार सतत गळत असतो. म्हणून डीडीआर४ मध्ये तो साधारण ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरला जातो. चिप ८५ अंशांच्या वर गेली की ही मुदत निम्मी करावी लागते. थोडा वेग मिळावा म्हणून टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) वाढवणारे नेमका हाच राखीव अवकाश खातात. एसीच्या खोलीत रात्री पास झालेली सेटिंग एप्रिलच्या दुपारी, शेडमध्ये, धुळीने भरलेल्या फिल्टरमागे टिकेलच असं नाही. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवणं ही पहिली पायरी. नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी, आणि तेही भर दुपारी, पीसी जिथे काम करतो तिथेच. एक जरी चूक आली तरी ती सेटिंग नापास. पास झाली तरी मी वेग एक पायरी खाली ठेवायला सांगेन. गुरुवारच्या देखभालीसाठी वीज जाऊन आली की पीसी थंड सुरू होतो, मेमरी ट्रेनिंग (सुरू होताना रॅमचं टायमिंग जुळवणं) नव्याने होऊ शकतं. म्हणून चाचणी थंड सुरुवातीनंतरही हवी.

इतकी सवड नसेल, तर जेडेकचा वेग ठेवून त्याच पैशात जास्त जीबी घ्यावी. मॉडेलिंगचं बरंचसं काम एकाच कोअरच्या वेगावर अडतं; तिथे रॅमच्या वाढीव वेगाने मिळणारा फायदा थोडाच असतो. वेग वाढवायचाच असेल, तर पास झालेले टायमिंग आणि व्होल्टेज कागदावर लिहून ठेवावेत, आणि बायोस अपडेट केल्यावर सगळ्या चाचण्या पुन्हा घ्याव्यात.