आंतरकर्णाची तटबंदी

कान वाहणे हा लहान मुलांचा किरकोळ आजार असून वयाबरोबर तो आपोआप जातो, असा समज अनेक घरांतून आढळतो. हा पू मध्यकर्णात साचतो आणि त्याच्या लगतच श्रवणाचे मर्मस्थान असते, ही गोष्ट मात्र ध्यानात घेतली जात नाही.

हे मर्मस्थान म्हणजे आंतरकर्ण. ऐकण्यासाठी गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा कर्णावर्त आणि तोल सांभाळण्यासाठी तीन अर्धवर्तुळाकार नलिका, हे त्याचे प्रमुख भाग होत. निसर्गाने त्याच्याभोवती तिहेरी तटबंदी उभारली आहे. शरीरातील सर्वाधिक घन हाडांत गणले जाणारे हाड, हा पहिला तट. मध्यकर्णाकडील गोल खिडकीवरचा तीन थरांचा पडदा, हा दुसरा. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी परस्परांना घट्ट जोडलेल्या असल्याने रक्तातील जंतूंना आत सहज शिरता येत नाही, हा तिसरा.

तरीही जंतू आत शिरलेच, तर तेथील भक्षकपेशी त्यांना गिळंकृत करतात. आंतरकर्णातील द्रवाशी जोडलेल्या एका लहानशा पिशवीतही प्रतिकारपेशी सज्ज असतात. त्यांच्या साहाय्यास रक्तातून आणखी पेशी धावून येतात.

परंतु आतील हे युद्ध महाग पडते. प्रत्येक कर्णावर्तात सुमारे १५,००० केशपेशी असतात. मनुष्यात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. जंतूंच्या विषाप्रमाणेच प्रतिकारातून उद्भवणारा दाहही त्यांचा नाश करू शकतो. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, झाल्यानंतर काही मुलांच्या कर्णावर्तात हाड वाढते व कृत्रिम कर्णावर्त बसविणेही कठीण होते. अशा मुलांची श्रवणचाचणी बरे होताच व्हावयास हवी.

म्हणूनच शत्रूला वेशीबाहेर अडविणे श्रेयस्कर. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाल्यास मूल जन्मतः बहिरे होऊ शकते. गोवर-रुबेला लसीची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. नियमित लसीकरणात ही लस ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. पंचसंयोजी व न्यूमोकोकल लसी मेनिंजायटिसच्या प्रमुख जंतूंपासून संरक्षण देतात.

वाहत्या कानात तेल न घालता मुलास आरोग्य केंद्रात नेणे, वर्गात हाकेला उशिरा प्रतिसाद देणाऱ्या विद्यार्थ्याची चाचणी करविणे आणि गावातील एकही बालक लसीविना राहू न देणे, ही कामे पालक, शिक्षक व पंचायत सदस्यांच्या आवाक्यातील आहेत. आंतरकर्णाचा चौथा तट तोच होय.