रॅली म्हणजे शर्यत नव्हे : १९७३ चा पहिला हंगाम

मी भूगोलाचा शिक्षक. मोटारींविषयी अधिकारवाणीने लिहावे असा माझा अभ्यास नाही, हे आरंभीच सांगतो. तरीही हा लेख लिहावा लागला, त्याचे कारण असे. गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी कायगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून गेला. वेळ संध्याकाळची, ट्रॉलीला मागे दिवा नाही, आणि मुलाचा वेग अफाट. शोकसभा झाली. त्यानंतर आठवड्याभराने नकाशावाचनाच्या तासाला मी वेगाविषयी चार शब्द बोललो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, “सर, रॅलीवाले तर आपल्यासारख्याच रस्त्यांवर दीडशेने गाडी पळवतात. त्यांना बक्षीस, आणि आम्हाला बोलणी!” वर्ग हसला नाही. गेलेला मुलगा त्याचा मित्र होता.

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता आणि मला त्याचे उत्तर येत नव्हते. “वाचून सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे चार महिने जमेल तसे वाचत राहिलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते त्या विद्यार्थ्यासाठी, आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी, येथे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रॅलीत गाड्या एकमेकींच्या शेजारी उभ्या राहून सुटत नाहीत. प्रत्येक गाडी ठरावीक अंतराने, बहुधा एकेका मिनिटाने किंवा त्याहून अधिक वेळाने सोडतात. चालकाला दुसरी गाडी दिसलीच तर ती बिघडून कडेला थांबलेली. त्याची झुंज असते ती रस्त्याशी आणि घड्याळाशी. या रस्त्याचे दोन प्रकार असतात. पहिला वेगाचा टप्पा. तो इतर रहदारीला पूर्ण बंद केलेला असतो आणि तेथे सेकंदा-सेकंदाचा हिशोब होतो. दुसरा जोडरस्ता, म्हणजे एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याचा तुमचा-आमचा रस्ता. तेथे बैलगाडी असेल, शाळेची मुले असतील, आणि त्या देशाचे रहदारीचे सर्व नियम रॅलीच्या गाडीलाही लागू असतात. जोडरस्त्याच्या शेवटी वेळ तपासण्याचा नाका असतो. येथील नियम वाचून मी थक्क झालो. जागतिक स्पर्धेत या नाक्यावर एक मिनिट उशीर झाला तर दंड दहा सेकंदांचा. पण एक मिनिट लवकर पोचलात तर दंड पूर्ण एका मिनिटाचा! लवकर येणे हा उशिरा येण्याच्या सहापट मोठा गुन्हा. दुसऱ्या दिवशी मी हा नियम वर्गात फळ्यावर लिहिला. कोणाचाही विश्वास बसला नाही.

अभ्यासासाठी मी १९७३ चा हंगाम निवडला, कारण जागतिक रॅली स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली. त्यापूर्वी निरनिराळ्या देशांत रॅल्या होत होत्या. मोंते कार्लोची रॅली तर १९११ पासूनची. १९६८ साली लंडनहून सिडनीला निघालेल्या गाड्या काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि तेथून ‘चुसान’ नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या, म्हणजे हा प्रकार आपल्या उंबरठ्यावरूनही जाऊन आला होता. १९७३ मध्ये मात्र तेरा रॅल्या एका सूत्रात ओवून वर्षभराची गुणमोजणी सुरू झाली. पहिल्या क्रमांकाला वीस, दुसऱ्याला पंधरा, असे दहाव्यापर्यंत गुण. गंमत म्हणजे हे गुण चालकाला मिळत नसत, गाडी बनवणाऱ्या कारखान्याला मिळत. चालकांचे जागतिक विजेतेपद १९७९ साली आले. त्या पहिल्या वर्षी विजेता ठरला फ्रान्सचा अल्पिन-रेनो हा कारखाना.

पहिली रॅली जानेवारीतली, मोंते कार्लोची. तेथे बर्फाने एक टप्पा अडला आणि पुष्कळ स्पर्धकांना पुढे जाता येईना. आयोजकांनी त्यांना बाद ठरवले. तेव्हा त्या मंडळींनी पुढच्या रस्त्यावर आपल्या गाड्या आडव्या लावून इतरांची वाट अडवली. ‘रास्ता रोको’ ही आपलीच मिरासदारी आहे असे मला आजवर वाटत होते! ती रॅली जिंकली जाँ-क्लोद आंद्रुए याने. त्याच्या शेजारच्या आसनावर एक स्त्री होती, मिशेल पेती. तिला सारे ‘बिश’ म्हणत. जागतिक रॅलीच्या इतिहासातील पहिल्या विजयात अर्धा वाटा एका बाईचा आहे, हे आमच्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे. शेजारी बसणारी व्यक्ती काय करते ते पुढे सांगणारच आहे.

जुलैत पोलंडच्या रॅलीत वेळेचे गणित इतके कडक बसवले होते की अखेरच्या यादीत तीनच गाड्या उरल्या. फिनलंडची आणि इंग्लंडची रॅली टिमो मॅकिनेन याने फोर्ड एस्कॉर्ट घेऊन जिंकली. बाकीच्या रॅल्यांची जंत्री येथे देत नाही. एक मात्र सांगायलाच हवी.

पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली १९५३ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणानिमित्त सुरू झाली. ती ईस्टरच्या सुमारास भरे, पावसाळ्याच्या तोंडावर. सुमारे पाच हजार किलोमीटरांची वाट, तांबडी धूळ, पाऊस आला की तोच चिखल. येथे वेगाचे टप्पे वेगळे नव्हते आणि रस्ते बंदही केलेले नसत. जनावरे, मालमोटारी, पायी चालणारी माणसे यांतूनच वाट काढायची, नाक्यावर उशीर होईल तितके दंडगुण घ्यायचे, आणि ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजेता. १९७३ साली शेखर मेहता आणि स्वीडनचा हॅरी कॅलस्ट्रॉम हे दोघेही डॅटसन गाड्या घेऊन सारखेच दंडगुण मिळवून परतले. इतक्या लांबच्या वाटेवर एका गुणाचाही फरक नाही! आरंभीच्या भागात मेहतांचे दंडगुण कमी होते म्हणून विजय त्यांना दिला गेला. शेखर मेहता भारतीय वंशाचे, जन्म १९४५, युगांडातील कंपाला येथला. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला लावला तेव्हा त्यांचे घराणे केनियात आले. घर सुटल्यानंतर वर्षाच्या आत मिळवलेला हा विजय. पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे त्यांनीच सफारी जिंकली.

हे वाचत असताना माझे मन एकसारखे दुसरीकडे जात होते. एप्रिल १९७३ म्हणजे आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाचा कळस. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. मी सहा वर्षांचा. आमच्या गावाहून गंगापूरकडे येणाऱ्या रस्त्याच्या कामावर आई खडी फोडायला जाई आणि मी सुकडीच्या आशेने तिच्यामागे. कपाळावर ऊन, हातात हातोडी, आणि ढीग मोजून मजुरी. मुकादमाच्या हिशोबातही वेळ आणि दंड होतेच, बक्षीस तेवढे नव्हते. आफ्रिकेतल्या ज्या खडीवरून मेहतांची गाडी धावली ती कोणी फोडली, हे एकाही पुस्तकात सापडले नाही. असो. मला दोन्हींची तुलना करायची नाही. एकच साल होते, एवढेच म्हणतो. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचे संकट आले आणि १९७४ ची मोंते कार्लो रॅली भरलीच नाही. श्रीमंतांच्या खेळालाही दुष्काळ असतो.

आता शेजारच्या आसनाविषयी. मराठीत आपण त्याला सहचालक म्हणू, पण तो गाडी चालवत नाही, वाचतो. रॅलीपूर्वी चालक आणि तो, दोघे साध्या वेगाने तो रस्ता पाहून येतात. चालक प्रत्येक वळण सांगतो आणि सहचालक वहीत उतरवून घेतो. वळणाच्या वक्रतेला आकडे देतात. पुष्कळांच्या पद्धतीत सहा म्हणजे जवळजवळ सरळ आणि एक म्हणजे अगदी काटकोनाकडे झुकणारे. स्पर्धेच्या दिवशी सहचालक ती वही मोठ्याने वाचतो. आपल्या भाषेत ते असे ऐकू येईल : ‘शंभर, उजवे पाच, चढाच्या माथ्यावरून, लगेच डावे तीन, आतून कापू नको.’ चालकाला जे अजून दिसत नाही ते त्याने ऐकलेले असते, म्हणून तो वेग घेतो. माथ्यापलीकडे काय आहे ते न पाहिलेल्या माणसाचा वेग आणि लिहून ठेवलेल्या माणसाचा वेग यांत काटा सारखाच आकडा दाखवतो, फरक त्या वहीचा.

या टिपांची एक जुनी आणि नामांकित कथा आहे. १९५५ साली इटलीतील हजार मैलांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा पत्रकार बसला होता. त्याने सगळ्या वाटेच्या टिपा काढून त्यांची पाच मीटरांहून लांब गुंडाळी केली होती. ती एका डबीत बसवून तो उलगडत जाई आणि गोंगाटात बोलणे ऐकू येत नसल्याने हातांच्या खुणांनी पुढची वळणे सांगे. दहा तास सात मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांत ते दोघे पोचले, सर्वांच्या आधी. एक लेखणीवाला माणूस त्यात निम्म्याचा धनी होता. कला शाखेला जाऊन काय करणार, असे विचारणाऱ्या पालकांना मी आता हे उदाहरण देतो. त्यांना ते पटत नाही, हा भाग निराळा.

सगळीकडेच वही चालत असे असे नाही. इंग्लंडच्या रॅलीत त्या काळी रस्ता आधी पाहण्यास बंदी होती. वनखात्याच्या रस्त्यांवर रात्री-बेरात्री, नुसत्या दिव्यांच्या उजेडात जावे लागे. मॅकिनेनचे कौतुक त्यासाठी अधिक.

आपल्याकडेही या खेळाची परंपरा अगदीच नाही असे नाही. १९८० साली मुंबईतून हिमालयन रॅली निघाली. मुंबईचे नझीर हुसेन यांनी ती उभी केली आणि परदेशी चालक त्यात उतरले. दिल्लीच्या गौरव गिल यांनी २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा आशिया-पॅसिफिक विभागाची स्पर्धा जिंकली. आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्याचे संजय टकले सौदी अरेबियातील डकार क्लासिकमध्ये टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले. हा प्रकार मला विशेष आवडला. जुन्या धाटणीच्या गाड्या आणि नेमून दिलेला सरासरी वेग. तो वाळवंटात अचूक राखायचा, कमी झाला तरी दंड आणि जास्त झाला तरी दंड.

परंतु त्या विद्यार्थ्याला मी अर्धेच उत्तर देऊन चालणार नव्हते. २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानात बाडमेरकडे राष्ट्रीय रॅली चालू असताना बंद केलेल्या टप्प्यावर एक मोटारसायकल आली. गाडीची धडक बसून तिच्यावरचे एकाच कुटुंबातील तिघे गेले. वही होती, नियम होते, रस्ता कागदावर बंद होता. गावाच्या रस्त्याला इतक्या पायवाटा येऊन मिळतात की तो खरोखर बंद करणे सोपे नाही. १९८६ मध्ये पोर्तुगालला गाडी प्रेक्षकांत शिरून माणसे मेली आणि त्याच मोसमात कॉर्सिकात हेन्री तोइवोनेन व त्याचा सहचालक जळून गेले, तेव्हा त्या वर्गाच्या अतिशक्तिमान गाड्याच पुढच्या वर्षापासून काढून टाकण्यात आल्या. म्हणजे तज्ज्ञांचाही हिशोब चुकतो. हे मी वर्गात जसेच्या तसे सांगितले. मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी सबंध तास खाली पाहत होता. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, “सर, आपल्या रस्त्याची वही करू या का?”

तेव्हा आम्ही ती केली. डिसेंबरातील एका रविवारी चौदा विद्यार्थी दोघे-दोघे मिळून कायगावच्या रस्त्यावर गेले. पुढच्याने तीसच्या वर जायचे नाही आणि मागच्याने लिहायचे, अशी अट. हा रस्ता मुलांच्या रोजच्या येण्याजाण्याचा. तरी परतल्यावर सात वह्या सात प्रकारच्या निघाल्या. एका वहीत पूलच नव्हता. दुसऱ्या वहीतल्या तीन डाव्या वळणांपैकी एक प्रत्यक्षात उजवे होते. ज्या जागी अपघात झाला तेथील टीप मात्र पाच वह्यांत जवळजवळ सारखी होती : ‘डावे चार, कडेला ऊस, पुढचे दिसत नाही.’ ऊस तुटून गेल्यावर ती टीप बदलावी लागेल, हे एका मुलीच्या ध्यानात आले. तिने वहीत महिन्यांचा एक रकाना वाढवला. भूगोलाच्या शिक्षकाला याहून अधिक काय हवे!

त्यातली एक वही मी घरी नेली आणि आईला वाचून दाखवली. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. आमच्या गावाचा फाटा जेथे मिळतो तेथे विद्यार्थ्याने ‘खडबडीत, हळू’ असे लिहिले होते. आईने मध्येच थांबवले.

“तिथं खडी कमी पडली व्हती,” ती म्हणाली. “मुकादमानं वरून मुरूम टाकून बुजवलं. म्या तवाच म्हणले व्हते, हे बसंल म्हनून.”

ते वाक्य मी पेन्सिलीने वहीत त्या टिपेशेजारी लिहून ठेवले आणि सोमवारी वही विद्यार्थ्याला परत दिली.