सायकल मार्ग : नुसता पट्टा की कठडा?

हिवाळी सुट्टीत पुण्याला घरी गेलो, तेव्हा धाकट्या बहिणीने शाळेत सायकलने जावे की नाही यावर वाद चालला होता. बाबा "नको" म्हणत होते. आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी अख्खे पुणे सायकलवर होते!"

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते. आता रस्ते मोटारी आणि स्कूटरींनी भरले आहेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटीबरोबर सायकल मार्गही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. तरी वाद मिटलेला नाही. दुकानदारांना दारासमोर पार्किंग हवे, मोटारवाल्यांना पूर्ण रस्ता. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण पार्किंग दुसरीकडे हलवता येते, सायकलस्वाराला दुसरा रस्ता नसतो.

मित्रांनो, कठडा कशाला हवा ते भौतिकशास्त्र सांगते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या त्याच गाडीची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट! रंगाचा पट्टा ती अडवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीबरोबर सायकलने शाळेपर्यंत गेलो. मार्गाला कठडा होता, पण चौकाच्या आधीच तो संपला. गाड्या वळतात तिथेच संरक्षण नाही! पहारा एका दारी सुटला, तर बाकीच्या दारांवरचा काय कामाचा?

आता बहीण सायकलने जाते. तो चौक मात्र उतरून, पायी ओलांडते.