नेम आणि ठिपका

आभासी वास्तवाचा चष्मा लावून घरीच पिस्तुलाचा नेम साधता येईल का? थोडे गणित करू. १० मीटर स्पर्धेत १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, तर छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्रा वर्तुळाला नुसता टेकला तरी गुण मिळतात. म्हणजे मध्यापासून ८ मिलिमीटरची सूट. कोनात ती जेमतेम ०.०४६ अंश! पुढची माशी मागच्या खाचेपासून ३० सेंटिमीटरवर धरली, तर ती पाव मिलिमीटर ढळताच १० गुण हुकतात.

घरगुती चष्म्यात एका अंशात साधारण २० ते २५ ठिपके असतात. म्हणजे एक ठिपकाच ०.०४ ते ०.०५ अंशांचा! जी चूक पकडायची, ती ठिपक्यातच दडते. उभे राहण्याची ढब, श्वास, चाप न हिसकता दाबणे, एवढे मात्र जरूर घोटावे. हातातले साधन तेवढे जड करून घ्या. खरे पिस्तूल सुमारे किलोभराचे असते.