एकेका पेशीची झडती

1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने एच.आय.व्ही. बाधितांना मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला. सहा राज्यांबरोबर दिल्लीचाही या योजनेत समावेश होता. ज्यांच्यात गंभीर लक्षणे अद्याप दिसत नसत, अशा रुग्णांबाबतचा निर्णय एका आकड्यावर अवलंबून असे. सीडी-4 हे प्रथिन अंगावर बाळगणाऱ्या लसिकापेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये 200 पेक्षा कमी आढळल्या, तर औषध सुरू होई; अधिक आढळल्या, तर थांबावे लागे. निरोगी प्रौढात ही संख्या सामान्यतः 500 ते 1500 असते.

रक्तात हे प्रथिन एकूण किती आहे, एवढे मोजून भागत नाही. गावातील धान्याची बेरीज कळली, तरी कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे कळत नाही. त्यासाठी घरोघरच जावे लागते. शिवाय मोनोसाइट नावाच्या श्वेतपेशींवरही सीडी-4 असते, पण कमी प्रमाणात. त्या चुकून मोजल्या गेल्या, तर 190 चा आकडा 200 च्या पलीकडे जाईल आणि गरजू रुग्ण औषधाला मुकेल.

ही झडती फ्लो सायटोमीटर हे यंत्र घेते. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड प्रथम रक्तात मिसळतात. त्यांना अनुस्फुरक रंगद्रव्य जोडलेले असते. असे एकजिनसी प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची युक्ती कोहलर व मिल्स्टाइन यांनी 1975 मध्ये दाखवून दिली. नंतर द्रवाच्या बारीक धारेतून पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात. पेशीवर प्रथिन जितके अधिक, तितकी तिची चमक अधिक. सेकंदाला हजारो पेशींची नोंद होते. मोनोसाइट मंद चमकतात. त्यांच्यावर सीडी-3 हे दुसरे प्रथिनही नसते. म्हणून दोन रंग एकत्र पाहिले, की त्या वेगळ्या काढता येतात.

पुढे एप्रिल 2017 मध्ये, आकडा कितीही असला तरी प्रत्येक बाधिताला औषध देण्याचे धोरण देशाने स्वीकारले. तरीही मोजणीचे महत्त्व संपले नाही. 200 च्या खाली गेलेला रुग्ण क्षयासारख्या रोगांना सहज बळी पडतो. त्याला वेळीच ओळखावे लागते. रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ठरवतानाही पेशींवरील प्रथिनांची अशीच पारख करतात. रोगाचा माग सरासरीत नव्हे, तर मोजक्या पेशींत दडलेला असतो.