मालाचा व्हिडिओ आपल्याच दुकानात तयार करा
एफएफएमपेग या मोफत साधनाचा पहिला धडा



पूर्वी परगावच्या दुकानदाराला माल दाखवायचा म्हणजे नमुन्यांचे बोचके बांधून पहाटेची एस.टी. पकडावी लागे. आता गिऱ्हाईक फोनवर म्हणते, "शेठ, पहिले व्हिडिओ पाठवा, मग भावाचे बोलू." मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, मोबाइलवर माल दाखवल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही.

आम्हीही व्हिडिओ पाठवू लागलो आणि तक्रारी सुरू झाल्या. एकाकडे फाइल उघडेना, दुसऱ्याला ती फार मोठी वाटे. मग आम्ही फाइल बदलून देणारे एक 'फुकट' सॉफ्टवेअर घेतले. त्याने साडीच्या ऐन पदरावर स्वतःच्या नावाचा शिक्का उमटवला. शिक्का नको असेल तर पैसे भरा, असा त्याचा हुकूम! एका पोराने तेच सॉफ्टवेअर चोरीचे आणून देतो म्हटले. आम्ही नको म्हणालो. गजात एक इंच कमी देणे जसे मापात पाप, तसेच हेही. शिवाय अशा चोरीच्या मालाबरोबर व्हायरस येतो आणि हिशेबाच्या फाइलीही जातात. अखेर एका जाणकाराने एफएफएमपेगचे नाव सांगितले. तोच धडा आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

हे साधन कोणाचे?

फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली एफएफएमपेगची सुरुवात केली. पुढे जगभरच्या प्रोग्रामरांनी ते वाढवले. याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. कोणीही ती वाचावी, सुधारावी, वापरावी. आपल्या मालाचे व्हिडिओ करण्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. मात्र हे साधन आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालून विकणाऱ्यांनी परवान्याच्या अटी वाचाव्यात.

विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर हे चालते. एफएफएमपेगच्या अधिकृत संकेतस्थळावर डाउनलोडच्या पानावरून तयार प्रतीकडे जाण्याचे दुवे आहेत. तेथूनच घ्यावे, भलत्या ठिकाणाहून नको. यात बटणे, चित्रे नाहीत. काळ्या खिडकीत आदेश टाइप करावा लागतो. घाबरू नका. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजी आजही कच्चेच आहे; तरी पाच-सहा आदेश वहीत लिहून काम चालते.

बारदान वेगळे, घडी वेगळी

पहिली गोष्ट समजून घ्या. फाइलच्या नावामागे एमपी४ किंवा एमओव्ही असे जे शेपूट असते, ते फक्त बारदान. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे, ती घडी वेगळी. या घडीला कोडेक म्हणतात. एच.२६४ ही २००३ सालची घडी जवळपास प्रत्येक मोबाइल आणि कॉम्प्युटर उघडतो. त्यानंतर आलेली एचईव्हीसी ही घडी कमी जागेत बसते, पण जुन्या कॉम्प्युटरवर ती अडते. गिऱ्हाइकाची "उघडत नाही" ही तक्रार बहुतेक येथूनच येते.

गठाण न सोडता आत काय आहे ते पाहण्यासाठी सोबत एफएफप्रोब मिळते. त्यापुढे फाइलचे नाव लिहिले की घडी, लांबी-रुंदी आणि वजन कळते.

पहिला आदेश

खाली आदेश देवनागरीत दिले आहेत. कॉम्प्युटरवर ते रोमन लहान अक्षरांत टाइप करावेत.

एफएफएमपेग -आय साडी.एमओव्ही साडी.एमपी४

'आय' म्हणजे आत येणारा माल. त्यापुढे मूळ फाइल, शेवटी नवी फाइल. घडी कोणती घालायची हे ठरवायचे असेल तर दोन्हींच्या मध्ये '-सी:व्ही लिबएक्स२६४' लिहावे; मग एच.२६४ होते. घडी ठीक असून फक्त बारदान बदलायचे असेल तर मध्ये '-सी कॉपी' लिहावे. माल तोच, बारदान नवे. काम झटपट होते आणि चित्राचा दर्जा तिळभरही घटत नाही.

फाइल लहान करणे

हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला ८ मेगाबिट वजनाचा १ मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे ४८० मेगाबिट. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून ६० मेगाबाइट. तोच २ मेगाबिटवर आणला तर १५ मेगाबाइट.

यासाठी '-सीआरएफ' आणि त्यापुढे आकडा लिहितात. एच.२६४ मध्ये न सांगता तो २३ असतो. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते, तसा हा आकडा वाढला की फाइल बारीक होते, पण चित्राचा पोतही उतरतो. साधारण ६ ने वाढवला तर वजन निम्म्यावर येते. आम्ही सुती मालाला २६ ठेवतो. जरीकाठ असेल तर २३, नाहीतर जरीची बारीक वीण पुसट होते. चित्राची रुंदी कमी करण्यासाठी '-व्हीएफ स्केल=१२८०:-२' लिहावे; उंची ते प्रमाणात आपोआप घेते.

उपयोगाची आणखी तीन कामे

१) तुकडा कापणे : '-आय' च्या आधी '-एसएस १० -टी ३०' लिहिल्यास १० व्या सेकंदापासून ३० सेकंदांचा तुकडा निघतो. यात '-सी कॉपी' वापरले तर सुरुवात थोडी मागेपुढे होते.
२) आवाज काढणे : '-एएन' लिहावे. मागांचा खडखडाट आणि शेजारच्या सौद्याचे भाव गिऱ्हाइकापर्यंत जाऊ नयेत.
३) फोटो काढणे : '-एसएस १२ -आय साडी.एमपी४ -फ्रेम्स:व्ही १ पदर.जेपीजी' लिहिल्यास त्या क्षणाचा एक फोटो मिळतो.

रंगाचा धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. नव्या मोबाइलमध्ये एचडीआर नावाची रंगांची सोय असते. अशा व्हिडिओची साधी अदलाबदल केली की रंग धुतल्यासारखे फिके पडतात. हे न कळल्याने आम्ही गडद मेंदी रंगाची साडी एका दुकानदाराला फिक्या रंगात दाखवली. त्याने तसाच फिका रंग समजून ४० नग मागवले आणि हाती पडताच सर्व परत केले. येण्याजाण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले. चूक त्याची नव्हती. आम्ही दाखवले एक आणि पाठवले दुसरे, मग नियत साफ असून काय उपयोग?

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. चित्रण करण्याआधी मोबाइलमधील एचडीआर बंद करावे. तयार फाइल पाठवण्याआधी प्रत्यक्ष कापड शेजारी धरून रंग पडताळावा. आणि मोठ्या सौद्यात कापडाचा तुकडा टपालाने पाठवावा, कारण प्रत्येक पडद्याचा रंग वेगळा असतो.

मूळ फाइल कधी पुसू नका. दाबलेली घडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आज रात्री दुकान बंद केल्यावर एकच फाइल घेऊन पहिला आदेश चालवून पाहा. घरातील शिकणाऱ्या मुलामुलीला सोबत बसवा. रांगोळी भरायला, जरी ओढायला आपण हातानेच शिकलो. हा हुनरही तसाच हातानेच येतो.